थंड केलेली बाई

खिडकीमागची बाई फाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पेशंट, आत चला, शर्टाची वरची बटणं काढून ठेवा," आणि पेशंट म्हणून आलेली ती उठायच्या आत तिचा नवराच उठून सरळ आत गेला. तो तसाच होता. कुणी ठामपणे काही सांगितलं की आधी करायचा आणि मग विचार करायचा. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला होता त्याचा. दिवसभर लोकांना हनुवटी टेका, वर बघा, आता खाली बघा असं सांगून सांगून, स्वतःवर कुणी हुकूम सोडला की त्याला बरंच वाटत असावं. थोड्या वेळाने तो बटणं लावत, ओशाळं हसत बाहेर आला. "अगं, त्या पोरीने दंडाला पट्टा बांधलासुद्धा. म्हटलं, बांधलाच आहे तर बघून घेऊ. ऑपरेशन चांगलं मानवलंय म्हणाली मला." बाकांवरची माणसं हसली, तीही हसली. हसता हसता तिची नजर बाकांवरून फिरली आणि हसू ओठांवरच राहिलं. ज्यांच्या ज्यांच्या उघड्या कॉलरीतून छातीच्या ऑपरेशनचा तो गुलाबी वळ डोकावत होता ते सगळे पुरुष होते. बायका होत्या, पुष्कळ होत्या. प्रत्येक वळाशेजारी एक होती, मांडीवर फाइल, पायाशी पाण्याची बाटली, औषधांची नावं तोंडपाठ. पण त्या सोबत आलेल्या होत्या. खिडकीमागच्या बाईचं तसं काही चुकलं नव्हतं. तिला रोज जे दिसत होतं तेच तिने आजही पाहिलं होतं.

मग तिला आत नेलं. दंडाला पट्टा बांधणारी सिस्टर आता बदलली होती, ही वयाने मोठी, हाताने मऊ. तिने विचारलं, "सिस्टर, बायकांना होत नाही का हे?" "होतं की. तुम्हाला नाही का झालं?" "मग बाकीच्या कुठे आहेत?" सिस्टर पट्ट्यातली हवा सोडत राहिली. "येतात मधूनमधून. पुरुषांना जास्त होतं म्हणतात. आणि बायका जरा उशिराच येतात, नाही का," असं म्हणून ती आणखी काही सांगणार होती, पण बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. बाकीच्या कुठे आहेत हे तिने विचारायलाच नको होतं. तिला ते माहीत होतं. ती त्यांना भेटून आली होती, त्यांच्या ओळीत बसून आली होती, आणि ही गोष्ट तिने अजून कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगितली असती तर त्याने चष्मा पुसत ऐकून घेतली असती आणि रात्रभर जागा राहिला असता.

उशिरा येतात, हे मात्र खरं होतं. ती स्वतःच आली होती की उशिरा. युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात ती कापड कापायची, सगळे तिला मास्टर म्हणायचे; बाई असून मास्टर याची गंमत वाटण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, वर मापाचा फर्मा आखलेला, हातात विजेची कात्री, आणि शर्टाच्या अर्ध्या पाठीपर्यंत कापत आलेली असताना तिच्या स्वतःच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध काहीतरी टरकन फाटलं. तिला आधी वाटलं आवाज कापडाचा आहे. तिने थर तपासले. मग कळ गळ्यापर्यंत चढली, जबड्यात गेली, परत पाठीत उतरली, आणि कपाळावर गार घाम आला. पण अंथरलेलं कापड अर्धवट कापून सोडायचं नसतं. थर सरकतात, खालचे आणि वरचे तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत, सगळा माल वाया जातो. हे तिने नव्या पोरींना इतक्यांदा सांगितलं होतं की ते आता तिच्या हातांनाच पाठ झालं होतं. तिने कापून संपवलं. फर्मे गुंडाळून ठेवले. घरी जाऊन आतले कपडे बदलले, कारण डॉक्टरांकडे जायचं तर नीट जावं. स्वयंपाकघरात जे उघडं होतं ते झाकलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो चांगला निघाला. "या वयात होतं असं बायकांना," ते म्हणाले, "ॲसिडिटी असेल, थोडं टेन्शन असेल. घरी काही विशेष?" घरी काही विशेष नव्हतं. तिलाच ओशाळल्यासारखं झालं, एवढ्याशासाठी त्यांचा वेळ घेतला म्हणून. त्यांनी दिलेली पिवळी गोळी चघळत ती घरी आली आणि दारातच, किल्ली कुलपात असताना, खाली बसली.

पुढचं तिला नवऱ्याने सांगितलेलं होतं, आणि त्याने इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलं होतं की ते आता त्याचं झालं होतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, तिचं आतलं अस्तर फाटून रक्त थरांच्या मधे घुसलं होतं. ताबडतोब छाती उघडली. फाटका भाग कापून तिथे विणलेल्या पॉलिस्टरची नळी जोडली. "आता हिच्या आतसुद्धा कारखान्याचाच माल आहे," तो सांगायचा आणि लोक हसले की त्याच्या जिवात जीव यायचा. पण एक गोष्ट तो कधी सांगत नसे, ती तिला सर्जननेच सांगितली होती, डिस्चार्जच्या दिवशी, बिस्कीट खाता खाता. जोडकाम करताना मधे वाहतं रक्त चालत नाही. म्हणून आधी शरीर थंड करतात, हळूहळू, यंत्राने, आणि पुरेसं थंड झालं की यंत्रही बंद करतात. काही वेळ रक्त कुठेच जात नाही. "म्हणजे मी तेव्हा," तिने विचारलं होतं, "कोण होते?" सर्जन तरुण होता, डोळ्यांखाली काळं, आवाज अगदी बारीक. त्याने प्रश्न टाळला नाही, हे तिला आवडलं होतं. "थांबलेल्या होतात," तो म्हणाला, "नुसत्या थांबलेल्या."

आजही तो तसाच बसला होता, समोर बिस्किटांचा पुडा. नळी छान बसलीय म्हणाला. लहान मापाची शोधावी लागली होती हेही सांगितलं. आणि मग तो काय विचारणार हे तिला ठाऊक होतं. "बहिणीचं काय झालं?" तिची आई ओट्यापाशी उभी असताना गेली होती, एक हात मागे, पाठीवर, जणू खाज येतेय. तेव्हा हार्टअटॅक म्हणाले आणि सगळ्यांनी मान्य केलं. आता सर्जनला तसं वाटत नव्हतं. आई, मग थोरली म्हणजे ती स्वतः, राहिली धाकटी. "सांगितलंय तिला," ती म्हणाली. "सांगून किती दिवस झाले?" तिने फाइल मिटली. नवराच म्हणाला, "साहेब, ती ऐकणाऱ्यातली नाही. तिच्यापुढे आमचं कुणाचं चालत नाही."

धाकटीची लाँड्री होती. खाली यंत्रं आणि वर राहायची खोली. लग्न झालं होतं, नवरा एक दिवस कामासाठी म्हणून गेला तो परत आला नाही, आणि धाकटीने त्याचे राहिलेले शर्ट धुऊन, इस्त्री करून, कुणाचे तरी म्हणून गिऱ्हाइकांत वाटून टाकले. मुलगी शिकायला दूर होती. धाकटी एकटी ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायची, वाफेच्या इस्त्रीवर वाकायची आणि सगळ्या रस्त्याशी भांडण उकरून काढून ते संध्याकाळपर्यंत मिटवायची. ती दोघं तिथे गेली तेव्हा धाकटी वाफेत उभी होती, चेहरा लालबुंद. "झालं का सुरू तुझं?" ती थोरलीला म्हणाली, अजून थोरलीने तोंडही उघडलं नव्हतं. "ताई, घे, आज तुझी बोलती बंद करते. काढला मी स्कॅन. गेल्या आठवड्यात काढला, तुला सांगितलं नाही. भाऊजी, ऐकताय ना? रक्तवाहिनी जराशी रुंद आहे म्हणाले, पण मर्यादेत आहे. मर्यादेत. आता जा घरी आणि झोपा सुखाने."

नवऱ्याने टाळीच वाजवली.  मर्यादेत आहे. हेच शब्द तिने ऐकले होते, खूप वर्षांपूर्वी, खोकला हटेना म्हणून छातीचा स्कॅन काढला होता तेव्हा. तेव्हा तिलाही आनंद झाला होता, येताना दोघांनी आइस्क्रीम खाल्लं होतं. कुणाची मर्यादा, असं विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आता लाँड्रीच्या वाफेत उभं राहून तिला कारखान्यातला बायकांचा युनिफॉर्म आठवला. पहारेकरी बायका नव्याने भरती झाल्या तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा फर्मा काढायला मालकांना सवड नव्हती. पुरुषांचा सगळ्यात लहान फर्मा घ्यायचा, कमरेत दोन चिमटे घ्यायचे, झाला बायकांचा. बाहीचा मुंढा काचतो, हात वर करता येत नाही अशा तक्रारी आल्या. तेव्हा मास्टर म्हणून तीच त्या मुलींना म्हणाली होती, "होईल सवय." आणि झाली असेलही. पुन्हा कुणी तक्रार करायला आलं नव्हतं.

"एकदा माझ्या डॉक्टरांना दाखवू," ती म्हणाली. "बघू गं, एवढा हॉटेलवाल्यांचा माल निघू दे." "कधी?" "ताई, बघू म्हटलं ना." आणि धाकटीने यंत्रातून एक पंचा काढला, झटकला, चौकोनी घडी घातली आणि काउंटरवर ठेवला. ती त्या घडीकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला आणि मग मागे घेतला. तिला हात लावायची गरज नव्हती. तो पंचा किती गरम असेल हे तिच्या तळहाताला माहीत होतं.

कारण तो तिने तिथे, ऑपरेशनमध्ये थांबलेली असताना, पाहिला होता. ते स्वप्न नव्हतं. स्वप्नात आपण काहीतरी करत असतो, पळत असतो, शोधत असतो. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. लांबलचक खोली होती, दोन्ही बाजूंना बाक, उजेड सगळीकडे सारखा, सावली कशालाच नाही. थंडी होती, पण ती बोचत नव्हती. मुळात आपलं अंगच त्या थंडीचं झालेलं होतं. आणि बाकांवर बायका बसलेल्या होत्या. केस नीट विंचरलेले, घराबाहेर जायचे कपडे, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. एकीच्या मनगटावर साबणाचा फेस वाळलेला होता. एकीच्या मुठीत तशीच पिवळी गोळी होती, कागदात. कुणी कण्हत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. सगळ्या अतिशय चांगल्या होत्या, हेच त्यातलं भयंकर होतं. तिला पाहून त्या सरकल्या, जागा केली. "बसा ना," एक म्हणाली. "कशासाठी बसलाय सगळ्या?" तिने विचारलं. "काही नाही हो, पाठीत जरा भरलंय. थांबेल आपोआप." दुसरी म्हणाली, "यांचं जेवण झालं की निघतेच मी." कुणाचं जेवण, कुठे, असं तिने विचारलं नाही, तिथे तो प्रश्न विचित्र वाटला नसता, उद्धट वाटला असता. खोलीच्या टोकाला एक खिडकी होती, पण उठून खिडकीशी जाऊन आपला नंबर कधी, असं कुणीच विचारत नव्हतं. तिकडे अगदी शेवटी तिची आई बसली होती. मान खाली, एक हात पाठीमागे. आईने वर पाहिलं नाही. ती स्वतः त्यांनी केलेल्या जागेवर बसली. बसल्यावर इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच अजून तिला भीती वाटे. आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती, त्यावर घडी घातलेला पंचा ठेवलेला, कुणीतरी जागा धरावी तसा. "ही कुणाची?" "येतेय ती," शेजारीण म्हणाली, "तिचीच वाट बघतोय." तिने पंच्यावर हात ठेवला. त्या सगळ्या गारठ्यात तेवढाच गरम होता, आत्ताच इस्त्रीखालून काढल्यासारखा.

ती उठली कशी, हे सांगायची तिला लाज वाटे, इतकं ते साधं होतं. दवाखान्याचा झगा सगळ्यांना एकाच मापाचा असतो. मुंढा पुढून ओढत होता, काखेत काचत होता. तिला राहवेना. हात मोकळा करायला ती जराशी उभी राहिली, खांदा हलवला, आणि कुणीतरी खूप लांबून तिला तिच्या पूर्ण नावाने हाक मारली. नंतर नळ्या, यंत्रांची टिकटिक, आणि नवऱ्याचे रडून सुजलेले डोळे. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं हेच विचारलं की शेजारी कोण बाई होत्या. सिस्टर म्हणाली, बाई कुणीच नव्हत्या, दोन्हीकडे पुरुष पेशंट होते. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. पण दिवसातून कधीतरी, कात्री चालवताना, दूध तापताना, तिला वाटायचं की आपण इथे उभ्या आहोत ते फक्त जरासं, खांदा मोकळा करण्यापुरतं. आणि त्या जागेवरचा पंचा अजून गरम आहे की निवला, हा विचार आला की ती धाकटीला फोन लावायची. धाकटी उचलून म्हणायची, "जिवंत आहे. ठेव."

ती मागेच लागली. भांडण केलं, अबोला धरला, मुलीला सांगण्याची धमकी दिली आणि शेवटी लाँड्रीला स्वतःच्या हाताने कुलूप लावून धाकटीला सर्जनपुढे नेऊन बसवलं. त्याने पडद्यावर चित्र पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं, उभं राहायला सांगितलं. धाकटी उभी राहिली तरी त्याच्या खांद्याला लागली नसती. "मर्यादेत आहे हे बरोबर आहे," तो म्हणाला, "पण ही मर्यादा ज्यांची मापं घेऊन ठरली त्यांत पुरुष जास्त होते. तुमचा बांधा लहान. त्या मानाने ही वाहिनी मला लहान वाटत नाही. त्यात आई, त्यात या." धाकटी म्हणाली, "म्हणजे फाटणार?" "ते मला सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही. आधी ऑपरेशन करण्यातही धोका आहे, तो मी लपवणार नाही." थोरलीने मधेच विचारलं, "बायका जास्त जातात का हो यात?" तो म्हणाला, "कुठे म्हणतात जास्त जातात, कुठे म्हणतात फरक नाही. टेबलावर आलेल्या बाईत आणि पुरुषात मला स्वतःला फारसा फरक दिसत नाही. पण मला टेबलावर आलेल्याच दिसतात."  जिना उतरताना धाकटी एवढंच म्हणाली, "कर बाई तुझ्या मनासारखं. मलाही आता रात्री पाठ आहे असं जाणवतं, पूर्वी जाणवत नव्हतं. तूच लावलंस हे माझ्या मागे."

ठरलेल्या दिवशी सकाळी धाकटीला झगा घातला, हाताला सुई टोचली, आणि दुपार व्हायला आली तरी कुणी न्यायला येईना. मग सर्जन स्वतः आला, टोपी घालूनच. एक माणूस आलाय, वाहिनी फाटलेला, आता हे टेबल त्याला द्यावं लागेल, तुमचं उद्या सकाळी पहिलं. धाकटीचा चेहरा असा उजळला की जणू तिला बक्षीस लागलं. "अहो, घ्या ना, खुशाल घ्या. त्या बिचाऱ्याचं आधी करा. मला काय धाड भरलीय." सर्जन गेला तशी ती पलंगावरून उतरलीच. "ताई, सुई काढायला सांग. इथे रात्रभर पडून काय करू? जाते, तेवढी दोन गिऱ्हाइकं उरकते, सकाळी येते की परत." थोरली खोलीतून निघाली. बाहेर बाकावर त्या माणसाची बायको बसली होती, केस विस्कटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "दुखतंय म्हणाले तशी गाडीत घातलं," ती जो भेटेल त्याला सांगत होती, "ते नको म्हणत होते, मी ऐकलंच नाही, एक मिनिट थांबू दिलं नाही." मग थोरलीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुमच्या बहिणीने जागा दिली हो. देवमाणूस आहे." त्या हातांत हात असताना तिच्या मनात स्वच्छ आलं, की हा माणूस लवकर मरू दे. आत्ता, अर्ध्या तासात मरू दे, म्हणजे टेबल मोकळं होईल. तिला स्वतःची भीती वाटली, पण विचार तसाच उभा राहिला. त्याला गाडीत घालायला कुणीतरी होतं. धाकटीला आणि त्या सगळ्या बाकांवरच्या बायकांना कोण होतं?

ती खोलीत परतली तेव्हा धाकटीने कपाटातून आपला ड्रेस काढून पलंगावर पसरला होता, आकाशी रंगाचा, नवाच, इस्त्रीच्या घड्या जागच्या जागी. सिस्टरची वाट बघत ती सुईच्या हाताकडे बघत होती. उद्या सकाळी ती येणार नव्हती. उद्या हॉटेलवाल्यांचा माल असेल, परवा यंत्र बिघडलेलं असेल, आणि एक दिवस ती पंचा घडी करून ठेवेल आणि म्हणेल, पाठीत जरा भरलंय. टेबलावर ट्रेमधे पट्ट्या कापायची कात्री होती. थोरलीने ती उचलली. बोथट होती, पण चालली. तिने ड्रेस सारखा केला, खांद्याची शिवण धरली आणि उभ्या धाग्यावरून सरळ खालपर्यंत कापला. मग दुसरी बाजू. मग पाठ. हात घाई करत नव्हते. "ताई, वेड लागलं का तुला?" धाकटी म्हणाली. "नवा ड्रेस आहे तो." तिने बाह्या वेगळ्या केल्या. मधे थांबली नाही. सुरू केलेलं अर्धवट सोडायचं नसतं. सिस्टर दारात आली, पलंगावरचे आकाशी तुकडे पाहिले, दोघींचे चेहरे पाहिले. तिने पुढे होऊन तिच्या हातातून कात्री काढून घेतली, आणि सुई न काढताच दार ओढून गेली. "आता मी जाऊ कशी?" धाकटीने विचारलं. "जायचं नाही." धाकटी आधी हसली, मग लहानपणी रडायची तशी, नाक वर ओढत, रडायला लागली. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली, "किती दिवस झाले, सारखी वाटते." एवढ्या आयुष्यात हे वाक्य तिने धाकटीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तो माणूस वाचला. सकाळी त्याची बायको पेढे वाटावेत तशी बातमी वाटत हिंडत होती. थोरलीला हायसं वाटलं, आणि त्या हायशामागोमाग इतका राग आला की तिला तोंडावर पाणी मारावं लागलं. धाकटी जागीच होती. झग्याची बाही ओढत म्हणाली, "काय माप आहे हे, काखेत काचतंय नुसतं." "काचू दे." "भाऊजी म्हणत होते तिथे गार करतात. खरं का? गार वाटतं?" थोरली पलंगाच्या कडेला बसली. नवरा बाहेर होता. आता सांगितलं तर फक्त धाकटीच ऐकणार होती. "वाटत नाही," ती म्हणाली, "तोच तर घोळ आहे. बरं वाटतं. तुला तिथे बायका भेटतील. चांगल्या आहेत. बसा म्हणतील, जागा करून देतील. तू बसू नकोस." धाकटीने थट्टा केली नाही. ती बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं लाँड्रीवालीचं सगळं उतरलं. "आई असेल?" तिने विचारलं. "असेल." "ती बस म्हणाली तर?" "तरी नाही." "काय सांगू मग तिला?" "काही सांगू नकोस. उभी राहा नुसती."

ढकलगाडी घेऊन दोघे जण आले, चादर सारखी केली, आडव्या व्हा म्हणाले. धाकटीने मान हलवली. नियम असतो बाई, त्यातला एक म्हणाला, पेशंटने झोपूनच जायचं असतं. धाकटीने सुईची नळी हातात गोळा केली, पलंगावरून उतरली, अनवाणी पाय फरशीवर नीट टेकवले. "चालत येते मी," ती म्हणाली. आणि रिकामी गाडी पुढे, मागून ती, झग्याची मागची बाजू एका हाताने धरून, अशी ती त्या लांब मार्गिकेतून दोन्हीकडच्या बाकांमधून उभीच चालत गेली.